अपेक्षित अडचणी

आमच्या प्रौढ इंग्रजी वर्गात मंजूर टाचणात जे लिहिलेले असते ते घडते, आणि जे लिहिलेले नसते ते घडत नाही. टाचण म्हणजे शिक्षकाने पाठाआधी वहीत आखून ठेवलेला बेत: कोणता घटक, किती मिनिटे, काय साहित्य, कोण कोण हजर. दुसऱ्या शाळांतही टाचण काढतातच, पण तिथे त्याप्रमाणे काही घडले नाही तरी चालते. आमच्याकडे चालत नाही, एवढाच फरक आहे.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा ते सव्वासात. गाव यंत्रमागांचे आहे, त्यामुळे इथली माणसे घरातही मोठ्याने बोलतात आणि वर्गात मी कुणालाही आवाज वाढवा असे सांगत नाही. माझ्याकडे मध्यम स्तर आहे. मध्यम स्तर म्हणजे ज्यांना इंग्रजी येते, पण बोलायची वेळ आली की येत नाही असे लोक. दवाखान्यातली नर्स, विमा एजंट, बढतीची परीक्षा तीनदा हुकलेला कारकून, मागांचे जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे मेस्त्री. मी शैलजा वाळवेकर. बावीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून इथे आले.

टाचण जपून लिहावे लागते. माझ्या आधीच्या बाईंनी 'विमानतळावर' हा घटक घेतला, तेव्हा वर्गाच्या मधोमध सामानाचा पट्टा सव्वा तास फिरत होता. त्यावरची एक निळी बॅग कुणीच उचलली नाही. ती अजून जिन्याखाली आहे आणि दर मार्चला साठा तपासणीत तिची नोंद होते. 'डॉक्टरकडे' या पाठाला एकाचे पोट दुखणे आवश्यक असते, म्हणून आम्ही आदल्या आठवड्यात चिठ्ठ्या टाकतो. तक्रार कुणाची नसते. शिकायचे म्हटल्यावर थोडे सोसावे लागतेच.

सगळ्यांत त्रासाचा रकाना शेवटचा, 'अपेक्षित अडचणी'. हा रकाना लहान मुलांच्या टाचणात फारसा कुणी भरत नाही, पण प्रौढांच्या भरावा लागतो, कारण प्रौढांना अडचणी असतात असे गृहीत धरलेले आहे. आमचे पर्यवेक्षक नाडगौडा सर शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले, हिरव्या शाईने सही करणारे. दोन अडचणी लिहिलेल्या नसतील तर टाचण परत पाठवतात. आणि लिहिलेल्या अडचणी येतातच. नवे शिक्षक हौसेने काहीबाही लिहितात आणि पस्तावतात. मी पहिल्या महिन्यातच शहाणी झाले. माझ्या दोन अडचणी कायमच्या ठरलेल्या: एक, पंखा आवाज करील, दोन, वेळ कमी पडेल. पंखा रोज आवाज करतो. वेळ रोज कमी पडतो.

दुसरी अडचण एकदाच लिहायची राहिली होती. तिच्या जागी मी 'खडू संपेल' असे लिहिले होते. त्या दिवशी खडू संपला, पण वेळ काही संपेना. घड्याळ सात बारावर उभे राहिले आणि ज्याचे त्याचे मनातले सगळे बोलून होईपर्यंत सव्वासात वाजले नाहीत. नर्स रेहाना मुजावर यांनी सासूबद्दल जे जे होते ते सगळे इंग्रजीत सांगितले आणि शेवटी म्हणाल्या की तशी ती वाईट नाही. खाली उतरलो तर रस्त्यावरही सव्वासातच वाजले होते. तेव्हापासून मी हा मजकूर चुकवत नाही.

आता माझी चूक सांगते. यंदा जुलैत मला दोन दिवस ताप होता, आणि मी जे प्रत्येक शिक्षक कधी ना कधी करतो ते केले. गेल्या वर्षीची वही उघडली आणि त्याच सोमवारचे टाचण जसेच्या तसे उतरवून काढले. घटक: फोनवर निरोप ठेवणे. साहित्य: टेलिफोन, दोन. मातृभाषेचा वापर: नाही. संवादासाठी संधी: तीन जोड्या. अडचणी: नेहमीच्या. हात चालत होता, डोके चालत नव्हते. हजेरीची अकरा नावेही मी तशीच उतरवली. नाडगौडा सरांनी न वाचता सही केली, तेही नेहमीचेच.

सोमवारी सहा वाजता अकरावे विद्यार्थी भूपाल मगदूम दुसऱ्या बाकावर येऊन बसले.

मगदूम जॉबर होते. गेल्या वर्षी ह्याच पाठानंतर घरी जाताना ते सूतगिरणीच्या वळणावर सायकलवरून उतरले, कट्ट्यावर बसले आणि गेले. आम्ही सगळे मातीला गेलो होतो. वर्गात दोन मिनिटे शांतता पाळायचीही मी टाचणात सोय केली होती. आणि आता ते समोर होते. नखांत तेलाचा काळा रंग, खिशाला दोन पेनं, दोनशे पानी वही. दाराबाहेर त्यांच्या चपला व्यवस्थित जोडून ठेवलेल्या.

मला भीती वाटली नाही. लाज वाटली. बावीस वर्षे मी पोरांना नक्कल करू नका असे सांगत आले होते.

कुणी काही बोलले नाही, कारण तसे बोलण्याची टाचणात जागा नव्हती. पाठ झाला. साहित्यातले दोन टेलिफोन एका बँकेने भंगारात काढलेले, तारा तुटलेले. पाठापुरते ते चालतात. तीन जोड्या बोलल्या. मगदूम रेहानाबाईंबरोबर चौथ्या जोडीत होते, गेल्या वर्षीसारखेच. त्यांनी निरोप वहीत लिहून ठेवला होता आणि ओठांतल्या ओठांत घोकत होते. मग वेळ कमी पडला. त्यांनी वही मिटली, "थँक यू मॅडम" म्हणाले आणि चपला घालून जिना उतरले. रेहानाबाई मागोमाग धावल्या. शेवटच्या पायरीवर कुणी नव्हते.

बुधवारी पाठ संपल्यावर एक बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, काठाची साडी, हातात कापडी पिशवी. मगदूमांच्या पत्नी, राजमती. रेहानाबाईंनी त्यांना सांगितले होते.

"बाई, सोमवारी हे आलं हुतं म्हणं."

"आले होते."

"हजेरी लागली?"

"लागली. क्रमांक अकरा."

त्यांनी मान हलवली, जणू तेवढे कळले की निम्मे काम झाले. मग पिशवी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी सायकल काढताना हे म्हणालं, संध्याकाळी आलो की तुला एक सांगतो. मी म्हणलं, आत्ताच सांगा की. तर म्हणालं, आत्ता न्हाई, निवांत सांगतो. वरीस झालं बाई. काय आसंल वो?"

मी म्हटले, मला कसे माहीत असणार.

"दात दुखतोय म्हणायचं आसंल. न्हाईतर लेकीकडं चार दिवस जाऊया म्हणायचं आसंल. न्हाईतर माझंच कायतरी चुकलं आसंल. कायबी आसू दे. पर ते मला सांगायचं हुतं न्हवं? ते कुटं गेलं मग?"

 मी त्यांना खुर्ची दिली आणि वही उघडली.

नियमाप्रमाणे झालेला पाठ 'उजळणी' म्हणून पुन्हा घेता येतो, एकदाच. उजळणीच्या टाचणात एकच दुरुस्ती चालते, तीही लहान सहीनिशी. मयत विद्यार्थ्याचे नाव नव्या टाचणात घालता येत नाही, पण उजळणीत हजेरी मूळ पाठाचीच धरतात. म्हणजे मगदूम आणखी एकदा येऊ शकत होते. हजेरीत नाव नसलेल्याला पाठ चालू असताना दार उघडत नाही, त्यामुळे राजमतीबाई आत येऊ शकत नव्हत्या. मी नाडगौडा सरांकडे गेले.

सरांनी चष्मा लावून टाचण पहिल्यांदाच वाचले. "वाळवेकरबाई, दुरुस्ती एकच. काय करणार आहात? वेळ कमी पडेल हे खोडणार?"

"ते खोडलं तर वेळ पुरेल. पण बोलणार तीनच जोड्या. चौथी नुसती बसून राहील."

"मग तीनचे चार करावे लागतील."

"हो. पण मग वेळ कमी पडेल."

"पडेल," सर म्हणाले. "पण मगदूम बोलायला तरी लागतील." थोडा वेळ त्यांनी पेनचे टोपण उघडबंद केले. "आणि त्या बाईंचं काय?"

"साहित्यात दोन टेलिफोन लिहिलेत. ते कुठे ठेवायचे हे लिहिलेलं नाही. एक मी बाहेर व्हरांड्यात ठेवीन."

"व्हरांडा वाचनालयाच्या अखत्यारीत येतो," सर म्हणाले. "तिथे कुणी बसलं तर आपला संबंध नाही." आणि त्यांनी सही केली.

उरली भाषा. मातृभाषेचा वापर नाही असे वर्षापूर्वीच मंजूर झाले होते. राजमतीबाईंना इंग्रजी येत नव्हते. फोन घेणाऱ्याच्या तोंडी टाचणात दोनच वाक्ये होती. ती मी त्यांना चार दिवस शिकवली. पहिले, राजमती इज नॉट ॲट होम. दुसरे, शी इज ॲट होम इन द इव्हनिंग. अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या,

"मी घरात न्हाई म्हणून मीच सांगायचं?"

"टाचणात तसंच आहे. निरोप ठेवण्याचा पाठ आहे ना. माणूस घरी असेल तर निरोप कशाला ठेवतील?"

"मी हाय आसं म्हणलं तर?"

"तसं म्हणता येणार नाही. तोंडातून निघणारच नाही ते."

त्यांनी ते मान्य केले. चार दिवस भाकऱ्या थापताना, भांडी घासताना त्यांनी ती दोन वाक्ये पाठ केली.

पुढच्या सोमवारी उजळणी झाली. व्हरांड्याच्या खिडकीला दुधी काच आहे, तिचा एक कोपरा फुटलेला आहे. राजमतीबाई तिथे स्टुलावर बसल्या, मांडीवर टेलिफोन. कोपऱ्यातून त्यांना मगदूमांची पाठ दिसत होती. नंतर त्या मला म्हणाल्या की केस मानेवर आले होते, गेल्या वर्षी त्या रविवारी कापायचे ठरले होते.

तीन जोड्या झाल्या. सात वाजून तेरा मिनिटांनी मी चौथ्या जोडीला बोलावले. ठरल्याप्रमाणे रेहानाबाई जागच्या उठल्या नाहीत. मगदूमांनी रिसीव्हर उचलला, घसा साफ केला. निरोपाच्या छापील चिठ्ठीवर आधी नाव, मग पुन्हा फोन करणार की नाही, मग निरोप असा क्रम असतो, आणि मी तोच क्रम शिकवलेला. त्यांनी इंग्रजीत आपले नाव सांगितले आणि राजमती आहे का असे विचारले.

व्हरांड्यातून मोठा, स्पष्ट आवाज आला, मागाच्या खडखडाटातून पलीकडे पोचवायची सवय असलेला. "राजमती इज नॉट ॲट होम."

मगदूम थांबले. माग बिघडला की ते कान देऊन ऐकत उभे राहत, तसे उभे राहिले. मग त्यांनी पाठातला पुढचा प्रश्न विचारला, ती केव्हा भेटेल?

"शी इज ॲट होम इन द इव्हनिंग."

मगदूम हळू, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाले की ठीक आहे, मी संध्याकाळी पुन्हा फोन करीन. कृपया तिला एवढे सांगा की...

आणि वेळ कमी पडला. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला, मला "थँक यू मॅडम" म्हणाले आणि बाहेर आले. त्यांच्या टाचणात व्हरांडा नव्हता. ते राजमतीबाईंच्या समोरून, हातभर अंतरावरून, जिन्याकडे गेले. त्यांना तिथे स्टूलही दिसले नसावे.

मी बाहेर आले तेव्हा राजमतीबाईंचा हात रिसीव्हरवर होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. मलाही आवरले नाही. त्या म्हणाल्या, "बाई, परत करतो म्हणालं न्हवं?"

"म्हणाले."

"ते तुमच्या वहीत हाय?"

होते. 'फोन करणारा पुन्हा फोन करील असे सांगेल व त्याप्रमाणे करील.' गेल्या वर्षी मी ते नीटनेटक्या अक्षरात लिहिले होते, वर हिरवी सही होती. म्हणजे फोन येणार हे ठरलेले होते. कोणत्या संध्याकाळी ते मात्र कुठेच लिहिलेले नव्हते.

राजमतीबाईंनी टेलिफोन घरी नेण्याचा रीतसर अर्ज केला आणि पोच लिहून दिली. त्यानंतर त्यांनी संध्याकाळी घर सोडले नाही. भाजी दुपारी आणायच्या, देवळात सकाळी जायच्या, नात्यातल्या दोन लग्नांना नुसते अक्षतांपुरते जाऊन चारच्या एसटीने परत आल्या. लेकीने बोलावले तर म्हणाल्या, तूच ये. ऑगस्टच्या शेवटी त्यांनी मला निरोप पाठवला: इंग्रजी शिकायचे आहे, पण संध्याकाळी येता येत नाही.

घरी जाऊन शिकवण्याची सोय नियमात आजारी विद्यार्थ्यांसाठी आहे. नाडगौडा सर म्हणाले, "त्या आजारी नाहीत. शिवाय मध्यम स्तराच्याही नाहीत."

"मध्यम स्तराच्या फोनची वाट बघतायत," मी म्हटले.

सरांनी परवानगी दिली. तेव्हापासून मी मंगळवारी त्यांच्या घरी जाऊ लागले. स्वच्छ पुसलेले शहाबादी फरशीचे घर, भिंतीला मगदूमांचा फोटो, कोनाड्यात क्रोशाच्या रुमालावर टेलिफोन. पहिल्याच दिवशी मी विचारले, काय शिकायचे आहे? त्या म्हणाल्या, "मी घरात हाय, आन मीच बोलतीया, एवढं शिकवा. दुसरं काय नगं."

मी शिकवले. राजमती स्पीकिंग. दोन शब्द. पण त्यांचे समाधान होईना. मध्येच आठवणार नाही, दचकून न्हाईच म्हणून बसेन, अशी त्यांना धास्ती होती. पूर्वीचे वाक्य फार पक्के बसले होते. कितीदा मी पेन कानाला लावून राजमती आहे का असे विचारले आणि त्यांनी खणखणीत आवाजात नॉट ॲट होम म्हटले, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. आम्ही दिवाळीपर्यंत तेच केले. कोण बोलतंय हे समोरच्याला विचारायचे कसे, कळले नाही तर पुन्हा सांगा म्हणायचे कसे, हेही त्या हळूहळू शिकल्या. 'से इट अगेन' त्यांना आवडले. पुढे मी निघताना हळूच येते म्हटले तरी त्या दारातून 'से इट अगेन' म्हणायच्या आणि हसायच्या.

फोन वाजत नव्हता. वाजणार तरी कसा, माझ्या मंगळवारच्या टाचणांत तो लिहिलेलाच नव्हता. ही गोष्ट मला सप्टेंबरातच सुचली होती. मी त्यांना सांगितले की बाई, टाचणात अडचणींचा शेवटचा रकाना आहे, त्यात मी लिहू शकते. कोण करील हे लिहिता येणार नाही, पण फोन वाजेल एवढे लिहिता येईल.

त्या घाबरल्याच. "आत्ता नगं. पक्कं झाल्याबिगर लिवू नका. एकदाच यील त्यो."

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी मी पेन कानाला लावून ओळीने वीस वेळा विचारले. वीसही वेळा त्यांनी राजमती स्पीकिंग म्हटले. एकविसाव्या वेळी मी मुद्दाम, त्या चहात साखर घालत असताना, पाठीमागून विचारले. त्यांनी चमचा न थांबवता उत्तर दिले. मग चमचा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिवा आता."

पुढच्या मंगळवारचे टाचण मी कुठूनही उतरवून घेतले नाही. साध्य: विद्यार्थिनी आपण घरी असल्याचे न अडखळता सांगेल. साहित्य: टेलिफोन, एक. हजेरी: एक. अपेक्षित अडचणी: एक, पंखा आवाज करील. दोन, पाठ चालू असताना फोन वाजेल.

नाडगौडा सरांनी वरपासून खालपर्यंत वाचले. शेवटच्या रकान्यावर त्यांचे बोट थांबले.

"वाळवेकरबाई, वेळ कमी पडेल हे राहिलं."

"राहिलं नाही सर."

"मग पाठ संपायचा केव्हा?"

"त्यांचं बोलून झालं की."

सरांनी पेन उचलले. त्यांच्या पत्नीला जाऊन नऊ वर्षे झाली आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी पेनात शाई आहे का ते कागदाच्या कडेला पाहिले, सही केली, खाली तारीख घातली आणि वही माझ्याकडे न देता थोडा वेळ हातात तशीच धरून ठेवली.

मंगळवारी मी पावणेसहाला पोचले. राजमतीबाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. टेलिफोन कोनाड्यातून काढून पाटावर ठेवला होता. मी समोर बसले, त्यांनी वही उघडली आणि आम्ही नेहमीप्रमाणे मागच्या पाठापासून सुरुवात केली.

सहा वाजून दहा मिनिटांनी पंखा आवाज करायला लागला. राजमतीबाईंनी वही मिटली, पदर नीट केला आणि रिसीव्हरवर हात ठेवला.